टेबलातली खाच

पणजीत मांडवीच्या काठाने जाणाऱ्या दयानंद बांदोडकर मार्गावर संध्याकाळी सातच्या सुमारास एक रांग लागते. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात ओळखपत्र असते. खिडकीमागचा मुलगा आधी जन्मतारीख पाहतो, कारण एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि मग पत्ता पाहतो. पत्ता गोव्याचा निघाला तर माणसाला नम्रपणे बाजूला केले जाते. फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना या कॅसिनोंत खेळायला बंदी आहे. ज्या राज्याने जुगाराला परवाना दिला, त्याने आपल्या माणसांना मात्र त्यापासून दूर ठेवले. बाकीच्या भारताला छोट्या बोटीत बसवून नदीच्या मधोमध उभ्या असलेल्या जहाजावर नेले जाते.

गेली तीस वर्षे मी राज्यांच्या अर्थसंकल्पांविषयी लिहीत आलो आहे. गेली सहा वर्षे, वर्षातून तीन-चार वेळा, मी अशा जहाजांवरच्या पत्त्यांच्या खोलीत बसत आलो आहे. पहिली गोष्ट वाचकांना ठाऊक आहे. दुसरी लिहिण्याचा प्रसंग आजवर आला नव्हता. संकोच हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, मला या विषयात सांगण्यासारखे काही आहे असे वाटत नव्हते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी घातली, आणि त्यानंतरच्या माझ्या पहिल्याच फेरीत टेबलाभोवतीचे चेहरे बदललेले दिसले. तेव्हा वही उघडून बसलो.

वही म्हणजे खरोखरीची वही. बसलो केव्हा, उठलो केव्हा, किती घेऊन बसलो, किती घेऊन उठलो. घरी पत्नीला हा छंद मान्य नाही, पण वहीवर तिचा विश्वास आहे.

ज्यांनी पोकर केवळ चित्रपटात पाहिले आहे, त्यांची या खोलीत निराशा होईल. मी बसतो ते सर्वांत खालचे टेबल: शंभर-दोनशेचे. म्हणजे प्रत्येक डावाला पत्ते पाहण्याआधीच एकाने शंभर आणि त्याच्या शेजाऱ्याने दोनशे टाकायचे. हा मान आळीपाळीने टेबलाभोवती फिरतो. बसायला दहा हजारांच्या चिप्स पुरतात. खोलीला खिडकी नसते. थंडी इतकी, की जुने खेळाडू मफलर घेऊन येतात. भिंतीपलीकडून यंत्रांची किणकिण ऐकू येते. टेबलावर सुरतेचा औषधांचा घाऊक व्यापारी, बेळगावचा बांधकाम कंत्राटदार, सिकंदराबादचे एक निवृत्त लष्करी अधिकारी, कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीने आलेले दोन मित्र. तासाला पंचवीसेक डाव होतात. चांगला खेळाडू त्यांतले वीस डाव पत्ते पाहून खाली टाकतो आणि इतरांना न्याहाळत बसतो. एक्क्यांची जोडी हाती येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. म्हणजे जवळजवळ नऊ तास वाट पाहायची. जुगाराच्या कल्पनेत जी धुंदी असते, तिचा इथे पत्ता नाही. हे काम पोस्टाच्या खिडकीवर बसण्यासारखे आहे.

कोल्हापूरच्या मित्रांना इतक्या लांब यावे लागते, यालाही एक कहाणी आहे. महाराष्ट्राने १९७६ मध्येच कॅसिनोंचे नियंत्रण व कर यांचा कायदा केला होता. तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. सत्तेचाळीस वर्षे एखादा कायदा नुसता पुस्तकात ठेवण्याचा हा विक्रम असावा. गोव्याने त्याच वर्षीच्या आपल्या जुगारबंदी कायद्यात १९९० च्या दशकात दुरुस्त्या केल्या: पंचतारांकित हॉटेलांत यंत्रे, आणि हाताने वाटले जाणारे पत्ते मात्र फक्त जहाजावर. जमिनीवर यंत्र, पाण्यावर माणूस. या भेदामागचे तत्त्व मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेले नाही. मांडवीतून जहाजे हलवण्याची चर्चा वर्षानुवर्षे चालते, आणि त्यांच्या मुक्कामाची मुदत वर्षानुवर्षे वाढते.

आता त्या प्रश्नाकडे येऊ, ज्याने आपल्या न्यायालयांचा इतका वेळ घेतला आहे: पोकर हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा?

१८६७ च्या सार्वजनिक जुगार कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळाला आपल्या कक्षेबाहेर ठेवले. तो 'निव्वळ' शब्द तेव्हापासून आपल्या मानगुटीवर बसला आहे. १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापारच नव्हे, म्हणून त्याला व्यापार-स्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असे ठरवले. ज्यात कौशल्याचा भाग मोठा आहे त्या स्पर्धा वेगळ्या. १९६८ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणात रमी ही प्रामुख्याने कौशल्याची ठरली; तीनपत्ती तशी नाही, हेही त्याच निकालात आले. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीही कौशल्यात बसल्या. पोकर मात्र लटकत राहिले, कारण 'जुगार' हा विषय राज्यसूचीत आहे आणि प्रत्येक राज्याला आपले मत आहे. पश्चिम बंगालचा १९५७ चा कायदा जुगाराच्या व्याख्येतून ब्रिज आणि रमीबरोबर पोकरलाही नाव घेऊन वगळतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये, कौशल्याचा खेळ म्हणून खेळले जात असेल तर पोकरला परवान्याची गरज नाही, असे सांगितले. नागालँडच्या २०१५ च्या कायद्याने ते कौशल्याच्या यादीत घातले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगारच आहे असे म्हटले. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आणि अलाहाबादने २०२४ मध्ये पुन्हा कौशल्याची बाजू घेतली. पत्ते तेच बावन्न. कोलकात्याच्या खोलीत जो माणूस बुद्धिमान ठरतो, तोच अहमदाबादेत आरोपी.

माझी वही या वादात कौशल्याच्या बाजूने साक्ष देईल, पण ती साक्ष दिसते तितकी सरळ नाही.

सहा वर्षांत मी ३४० तास खेळलो आणि एकूण ६१,४०० रुपये हरलो. प्रवास आणि राहण्याचा खर्च यात नाही. तो धरला तर आकडा पत्नीला दाखवण्याजोगा राहत नाही. वरवर पाहता निष्कर्ष उघड आहे: लेखकाला पोकर येत नाही. परंतु पोकरमध्ये कॅसिनो हा प्रतिस्पर्धी नसतो. रूलेटच्या चाकावर किंवा यंत्रापुढे तुम्ही घराविरुद्ध खेळता. इथे खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात, आणि घर केवळ टेबल, पत्ते आणि डीलर पुरवते. त्याचा मोबदला म्हणून डीलरच्या उजव्या हाताशी टेबलात एक अरुंद खाच असते, तिच्याखाली कुलूपबंद पेटी. प्रत्येक मोठ्या डावातून डीलर ठराविक भाग कापतो आणि चिप्स त्या खाचेत सोडतो. याला रेक म्हणतात. उत्तरेकडच्या गल्लीतल्या अड्ड्यांवर याच गोष्टीला 'नाल' म्हणतात, आणि तिच्यासाठी पोलीस येतात.

मी बसलो त्या खोलीत ही कपात पाच टक्के होती, वर एक मर्यादा. पाच टक्के ऐकायला सौम्य वाटते. हिशेब करून पाहा. तासाला पंचवीस डावांपैकी वीसांत कपात होते असे धरू, आणि डावातली सरासरी रक्कम अडीच हजार. प्रत्येकी सव्वाशे, तासाला अडीच हजार. आठ तासांत वीस हजार रुपये त्या खाचेतून खाली जातात. दोन माणसे पूर्ण रिकामी होऊन उठली, आणि कोणी जिंकलेच नाही, असा त्याचा अर्थ. आठ खेळाडूंत वाटले तर प्रत्येकामागे तासाला तीनशेच्या वर. मी कमी डावांत पडतो, म्हणून माझ्या वाट्याला अडीचशे धरतो. ३४० तासांचे ८५,००० होतात.

म्हणजे टेबलाभोवतीच्या माणसांकडून मी सहा वर्षांत २३,६०० रुपये जिंकलो होतो, आणि तरीही ६१,४०० हरलो होतो. कौशल्य होते. ते खाचेइतके नव्हते, एवढेच.

मोठ्या टेबलांवर ही गोष्ट वेगळी असते. डावातली रक्कम वाढते, पण कपातीला मर्यादा असल्याने घराचा हिस्सा प्रमाणाने घटतो. खालच्या टेबलावर, जिथे पगारदार आणि किरकोळ व्यापारी बसतात, तिथे तो सर्वांत जड. आपल्या अप्रत्यक्ष करांविषयी मी हेच वाक्य कितीतरी लेखांत लिहिले आहे; ते पत्त्यांच्या टेबलावर पुन्हा भेटेल असे वाटले नव्हते.

१९६८ च्या त्या रमीच्या निकालात एक ओळ अशी आहे, जिच्याकडे दोन्ही बाजूंचे वकील घाईने पाहून पुढे जातात. रमी कौशल्याची आहे असे म्हटल्यावर न्यायालयाने जोडले होते की, जागेचा मालक किंवा क्लब या खेळातून नफा काढत असल्याचा पुरावा असेल तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो. क्लबने बसण्याचे माफक शुल्क घेणे वेगळे आणि डावातून हिस्सा घेणे वेगळे, हा विचार त्यात होता. मला तो कौशल्य-नशीब वादापेक्षा अधिक प्रगल्भ वाटतो. खेळ कसा आहे हे विचारण्याऐवजी त्यातून कोण किती आणि कशा रीतीने काढतो, हे विचारणारा. पुढच्या अर्धशतकात आपण पहिल्या प्रश्नावर ग्रंथ भरले, दुसरा तसाच राहू दिला.

करांच्या बाबतीतही तेच झाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिप्स घेण्यासाठी भरलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर पुन्हा कर नाही, एवढी सवलत नियमात आहे; पण न वापरलेल्या चिप्स परत केल्या तर तेवढी रक्कम वजा होत नाही. मी दहा हजारांच्या चिप्स घेतल्या, अर्धा तास बसलो, पोट बिघडले म्हणून नऊ हजार आठशे परत करून उठलो, तरी कराच्या दृष्टीने मी दहा हजारांची सेवा घेतली. कर वरून आकारला तर चार हजार. त्या अर्ध्या तासात घराला माझ्याकडून मिळाले असतील सव्वाशे. सेवेच्या किमतीच्या बत्तीसपट सेवा कर, हा प्रकार मी अन्य कोणत्याही धंद्यात पाहिलेला नाही. आणि हा बोजा कुठून तरी निघणारच: चिप्सच्या भावातून, प्रवेशशुल्कातून किंवा खाचेतून. आयकर त्याच्या वर. जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के, हरलेली रक्कम वजा करण्याची सोय नाही. वर्षाच्या एका रात्री जिंकलेला आणि अकरा रात्री हरलेला माणूस कायद्याच्या नजरेत विजेता असतो.

दुर्गुणावर कर जड असावा, असे मानणाऱ्यांपैकी मी आहे. तंबाखूच्या बाबतीत मी त्यासाठी भांडलो आहे. पण तंबाखूवरचा कर ओढणाऱ्याला कमी ओढायला लावतो. चिप्सवरचा कर खेळाडूला काय करायला लावतो? एकदा कर भरून घेतलेल्या चिप्स संपेपर्यंत बसायला. उठण्याची किंमत वाढवणारा कर हा जुगारावरचा कर म्हणून अगदी उलटा आहे.

ऑगस्ट २०२५ च्या कायद्याविषयी माझे मत इतके रोखठोक नाही. त्याने कौशल्य-नशिबाचा भेदच पुसून टाकला: पैसे लावून खेळला जाणारा कोणताही ऑनलाइन खेळ बंद. उद्योगाने आरडाओरड केली. मी गप्प राहिलो, कारण वेगाचा प्रश्न खरा होता. टेबलावर तासाला पंचवीस डाव होतात. मोबाइलवर एका पटावर त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि एका वेळी चार पट उघडता येतात. रात्री दोन वाजता अंथरुणात पडल्या पडल्या तासाला दोनशे डाव खेळणाऱ्याला थांबवायला तिथे कोणी नसते. जहाजावर निदान शेजारचा जांभई देतो.

पण बंदीने खेळणारे नाहीसे होत नाहीत. डिसेंबरमध्ये माझ्या डावीकडे सव्विशीचा एक तरुण बसला होता, हैदराबादेत सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा. तीन वर्षे ऑनलाइन खेळलेला. आता महिन्यातून एकदा विमानाने येतो. तो उत्तम खेळत होता, माझ्यापेक्षा निश्चित चांगला. त्याने सांगितले की, त्याच्या शहरात आता भाड्याच्या फ्लॅटमध्ये टेबले लागतात. तिथे कपात इथल्यापेक्षा जास्त, आणि उधारीही मिळते. उधारी हा शब्द त्याने सोय म्हणून उच्चारला.

रात्री एकच्या सुमारास माझ्याकडे काळे राजे आले, किलवर आणि इस्पिक. पटावर बदाम दश्शी, बदाम चव्वी, चौकट नव्वी, मग किलवर दुर्री. त्याने समोरच्या सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. ती त्या रात्रीची त्याची तिसरी खरेदी होती. मी थोडा वेळ विचार करून तेवढ्याच चिप्स पुढे केल्या. त्याने पत्ते उलटले: बदामचा एक्का आणि गुलाम. न दिसलेल्या ४४ पत्त्यांपैकी १२ त्याचे होते, ३२ माझे. शेवटचा पत्ता इस्पिक छक्की. डीलरने आधी घराचा हिस्सा कापून खाचेत टाकला आणि उरलेला ढीग माझ्याकडे लोटला.

तो उठला नाही. फोन काढून बँकेचे ॲप उघडले, रक्कम पुरली नाही, तेव्हा पलीकडच्या माणसाकडे पाहिले. त्या माणसाने न बोलता वीस हजारांच्या चिप्स त्याच्यापुढे सरकवल्या. टेबलावरच्या कोणीही मान वर केली नाही. मीही नाही. खोलीत मद्याच्या दरांचा फलक होता, स्पर्धांच्या तारखांचा होता. तासाला इथे सरासरी किती कपात होते हे सांगणारा, किंवा स्वतःला इथून बंद करून घ्यायचे असेल तर कुणाला भेटावे हे सांगणारा फलक मला दिसला नाही. पैसे उसने देणाऱ्याला अडवणारा कोणी नव्हता. राज्य या खोलीत होते ते फक्त प्रवेशाच्या खिडकीवर आणि चिप्सच्या खिडकीवर: पत्ता तपासण्यापुरते आणि कर मोजण्यापुरते.

नियमन म्हणजे काय असावे, याची माझी अपेक्षा फार मोठी नाही. कर चिप्सवर न लावता पेटीतल्या रकमेवर लावावा, मग तो हवा तितका जड असो. पेटी कुलूपबंद आहे, मोजता येते, बुडवणे कठीण. शंभर-दोनशेच्या टेबलावर डावातून हिस्सा न घेता तासाचे शुल्क घ्यावे आणि ते दारावर लिहावे, म्हणजे बसण्याआधीच माणसाला आपण किती वजा होऊन सुरुवात करतो ते कळेल. टेबलावर उसनवारी बंद. आणि ज्याला आपले नाव काळ्या यादीत घालून घ्यायचे आहे, त्याच्यासाठी सर्व परवानाधारक राज्यांची मिळून एक यादी. गोव्याचा पत्ता तपासता येतो, तर हेही तपासता येईल. यांतली एकही गोष्ट कौशल्य की नशीब याच्या उत्तरावर अवलंबून नाही.

पहाटे चारला डेकवर तो तरुण भेटला. वीस हजारही गेले होते. तो रडत वगैरे नव्हता. त्याने विचारले, "अंकल, त्या डावात माझं चुकलं का?"

मी मनात पुन्हा आकडे मांडले. मी पत्ते टाकून देण्याची शक्यता होती. न टाकले तरी त्याच्याकडे चारांत एकाहून अधिक संधी होती. "नाही," मी म्हणालो, "बरोबर खेळलास." त्याला बरे वाटले, आणि पुढच्या महिन्याच्या तिकिटाविषयी तो बोलू लागला. वहीतला हिशेब मी त्याला सांगितला नाही. तो त्या क्षणी सांगायला हवा होता, असे मला हैदराबादचे विमान सुटून गेल्यावर वाटले.

किनाऱ्याकडे परतणाऱ्या बोटीत आमच्या टेबलाचा डीलर होता, पाळी संपवून निघालेला. डिचोलीचा मुलगा. चार वर्षे पत्ते वाटतो आहे; बहुतेक खेळाडूंपेक्षा त्याला खेळ अधिक कळतो. त्याच्या पत्त्यामुळे त्याला त्याच टेबलावर दुसऱ्या बाजूला बसता येत नाही. त्याची खंत वाटते का, असे मी विचारले. तो हसला.

"सर, मी रोज ती पेटी भरताना बघतो," तो म्हणाला. "आज आपल्या टेबलाची दोनदा बदलायला लागली."